हक्क सोडू नका, राग सोडा : गावात राहून माफ करायला शिकण्याच्या पायऱ्या

गावात राग धरून जगणं फार जड जातं. ज्यानं दगा दिला तो माणूस कुठं निघून जात नाही. सकाळी पांदणीवर तोच समोरून येतो, त्याचा डवरा आपल्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून चालतो, त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आपल्या दारात येते आणि कुणाची मयत झाली की त्याच्याच बाजूला उभं राहून खांदा द्यावा लागतो. रोज तोंड दिसतं, म्हणून जखम रोज ओली होते.

अशा माणसाला लोक एकच सल्ला देतात, "जाऊ दे ना बावा, किती दिवस धरून ठेवशीन?" सल्ला देणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि सुरुवात कुठून करायची, हे कोणी सांगत नाही. मग ऐकणाऱ्याला वाटतं की माफ करायला मोठं मन लागतं आणि ते आपल्याकडे नाही. माझं ठाम मत आहे की माफ करणं शिकता येतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइट 1980 च्या दशकापासून त्याच्या पायऱ्या मांडत आले आहेत. एव्हरेट वर्थिंग्टन या मानसशास्त्रज्ञांनी पाच टप्प्यांची रीत बसवली, आणि घरात शिरलेल्या चोरानं त्यांच्या वृद्ध आईचा खून केला तेव्हा ती त्यांना स्वतःवरच वापरावी लागली. या रीतीवर बेतलेली सरावाची वही कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन अशा पाच ठिकाणच्या 4,598 लोकांबरोबर तपासली गेली आणि 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वही भरलेल्या लोकांचा मनातला डंख तर कमी झालाच, शिवाय नैराश्याची आणि चिंतेची लक्षणंही उतरली. कोणी शेजारी बसून शिकवलं नव्हतं, वही ज्याची त्यानंच भरली होती.

खाली ज्या पायऱ्या देतो त्यांचा गाभा याच कामातून घेतला आहे, पण मांडणी आपल्या विदर्भातल्या गावांना धरून केली आहे. सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. माफ केलं म्हणून जमिनीवरचा दावा मागं घ्यावा लागत नाही, पोलिसांतली तक्रार काढावी लागत नाही आणि त्या माणसाच्या घरी पुन्हा जेवायला जावं लागत नाही. समेट दोघांच्या मर्जीनं होतो. माफी एकट्याला देता येते, समोरच्याला पत्तासुद्धा न लागता.

पहिली पायरी : त्रास थांबला आहे का ते पाहा

नवरा अजून दारू पिऊन मारतो, सासरा अजून अंगावर येतो, सावकाराची माणसं अजून दारात उभी राहून धमकावतात, अशी स्थिती असेल तर माफीचं काम आज हाती घेऊ नका. आधी सुरक्षित व्हा. बायकांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीला 112 आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं ते अंगणवाडी सेविकेला विचारा. मार चालू असताना "माफ कर" म्हणणारी माणसं मारणाऱ्याचीच सोय बघत असतात.

दुसरी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती सांगायला लोक कचरतात. जातीवरून अपमान झाला, मारहाण झाली, पाणवठ्यावर किंवा मिरवणुकीत अडवलं, की दोन दिवसांत गावातली वजनदार माणसं घरी येतात आणि गावाच्या एकीसाठी मिटवून घ्या म्हणतात. 2007 पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आली. धुऱ्याची, पाण्याची, भावकीची कितीतरी भांडणं तिच्यामुळे पारावर मिटली आणि ते चांगलंच झालं. पण अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडित घरावर दबाव आणून घेतलेल्या सहीला माफी म्हणता येत नाही. 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा याचसाठी आहे. केस चालू द्या. मनातला राग कधी उतरवायचा, उतरवायचा की नाही, हे त्या घरानं ठरवायचं. बाहेरच्यानं त्यात तोंड घालू नये.

दुसरी पायरी : नेमकं काय दुखलं ते लिहून काढा

इथून पुढं एकच उदाहरण घेऊन चालू. समजा, वरुड-मोर्शीकडच्या संत्रा पट्ट्यातले दोन भाऊ आहेत. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या. विहीर थोरल्याच्या हिश्श्यात गेली, पण पाण्याची पाळी दोघांची, असं तोंडी ठरलं. तीन-चार वर्षं नीट चाललं. मग एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला, विहिरीनं तळ गाठला आणि ऐन एप्रिलात थोरल्यानं धाकट्याची पाळी बंद केली. धाकट्याची फळावर आलेली झाडं डोळ्यांदेखत वाळली. शेवटी कुऱ्हाड लावून सरपण करावं लागलं. आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

धाकट्याला विचारलं तर तो एवढंच म्हणेल, "दादानं पाणी तोडलं." ते खरंच आहे. पण वही घेऊन बसला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या हातून वेगळंच वाक्य उतरेल, "बाबा गेल्यावर मी त्याले बाप समजत होतो, अन् त्यानं मले सांगितलंसुद्धा नाही. मोटार बंद दिसली तवा समजलं." झाडं गेल्याचं दुःख वेगळं आणि न सांगता तोडल्याचं दुःख वेगळं. दुसरं जास्त खोल आहे आणि माफ करायचं आहे तेही तेच. ते सापडलं नाही तर माणूस वर्षानुवर्षं झाडांबद्दल भांडत राहतो.

लिहिण्याची रीत अशी. सलग चार दिवस, रोज 15 ते 20 मिनिटं, एकट्यानं बसून लिहायचं. काय घडलं, तेव्हा काय वाटलं, आज काय वाटतं. शुद्धलेखन बघायचं नाही, वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, शिव्या आल्या तर त्याही लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांकडून असंच चार दिवस 15 मिनिटं लिहून घेतलं होतं. लिहिल्या-लिहिल्या त्यांचं मन जास्त जड झालं, पण मनातल्या भावना लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या चकरा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. म्हणून पहिल्या दोन दिवसांत रडू आलं, झोप उडाली, तर घाबरू नका. मात्र छाती दाटून येऊन काही सुचेनासं झालं तर थांबा आणि कुणाच्या तरी सोबतीनं करा.

गावातल्या घरात एकांत मिळत नाही, ही अडचण खरी आहे. बाई वही घेऊन बसली तर सासू विचारते, काय लिहून राहिली? अशा वेळी वावरात जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसा, किंवा मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवा आणि मग पुसून टाका. लिहिता येत नसेल तर हीच रीत चालते. लिहिलेलं घरात ठेवायची भीती वाटत असेल तर चौथ्या दिवशी चुलीत घाला; लिहिण्यानं जे काम व्हायचं ते झालेलं असतं. पूर्व विदर्भात तान्हा पोळ्याच्या दिवशी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर मारबतीचा पुतळा नेतात. ती चार पानं त्या दिवशी तिच्या सोबत गेली तरी काही हरकत नाही.

तिसरी पायरी : राग कुठं आणि कधी उसळतो ते बघा

पुढचे आठ दिवस फक्त लक्ष ठेवायचं. राग कुठल्या जागी येतो, शरीरात काय होतं? धाकट्याला कळेल की विहिरीच्या बाजूनं जाताना त्याची पावलं आपोआप जोरात पडतात, दात आवळले जातात, आणि घरी आल्यावर तो पोरावर खेकसतो. मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्हलिएट यांनी 2001 मध्ये 71 विद्यार्थ्यांना दुखावल्याचा प्रसंग आठवायला सांगून त्यांच्या शरीरातले बदल मोजले. मनात डूख धरून आठवताना हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढला, घाम सुटला, कपाळ आखडलं. समोरच्याकडे माणूस म्हणून बघत, माफीच्या भावनेनं तोच प्रसंग आठवला तेव्हा शरीर इतकं पेटलं नाही. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

या आठ दिवसांत एक प्रश्न विचारा. या रागाची झळ थोरल्याला किती लागते आणि घरातल्या लेकराला किती? उत्तर आलं की पुढचं पाऊल टाकायला बळ येतं.

चौथी पायरी : हक्काचं काम कागदावर आणा

ही पायरी मानसशास्त्राच्या पुस्तकांत सहसा नसते, पण आपल्याकडे हिच्याशिवाय भागत नाही. शेताच्या भांडणात माणूस राग सोडायला घाबरतो, कारण त्याला वाटतं की राग हीच आपली राखण आहे. रागावलो नाही तर उरलेलाही धुरा कोरतील. ही भीती खोटी नाही. म्हणून राखणीचं काम रागाकडून काढून कागदाकडे द्यायचं.

धुरा कोरला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्यावर तशी नोंद आहे का बघा. पाळी तोंडी ठरली असेल तर ती लेखी करून घ्या. एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे आणि ताबा मात्र उलटा, असं 12 वर्षांहून जास्त चाललं असेल तर 2023 मध्ये आलेल्या सलोखा योजनेत 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. सध्याची स्थिती तलाठ्याला विचारून घ्या. बहिणीकडून गोड बोलून हक्कसोड लिहून घेतलं असेल तर तिनं आधी वकिलाला कागद दाखवावा आणि मग भावाला माफ करायचं की नाही ते बघावं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला आहे. कोर्टात तारीख चालू असतानाही मनातून माफ करता येतं. तारखेला जायचं, म्हणणं मांडायचं, परत येऊन जेवायचं, झोपायचं.

पाचवी पायरी : ठरवा

वर्थिंग्टन दोन प्रकारची माफी सांगतात. एक ठरवून दिलेली आणि एक मनातून उतरलेली. ठरवणं एका दिवसात होतं, मनातून उतरायला महिने लागतात. लोक उलटं करतात. मन थंड होईल तेव्हा ठरवू म्हणतात आणि मन काही थंड होत नाही.

ठरवायचं इतकंच : मी याचं वाईट करणार नाही, याच्या वाईटावर खूश होणार नाही, पारावर याची निंदा करणार नाही, आणि माझ्या पोरांना याच्याविरुद्ध भरवणार नाही. हे चार शब्द स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं म्हणा. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण गावातलं वैर वाटणीपत्राशिवायच पुढच्या पिढीच्या नावे चढतं. शक्य असेल तर विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवा की मी असं ठरवलं आहे. साक्षीदार असला की माणूस सहज मागं फिरत नाही.

सहावी पायरी : त्याच्या जागी उभं राहून बघा

सगळ्यात अवघड काम हेच, आणि इथं घाई केली तर सगळं फसतं. त्याचं बरोबर होतं असं सिद्ध करायचं नाही. तो असं का वागला, ते माणूस म्हणून समजून घ्यायचं. त्याची चूक चूकच राहते.

एक रिकामी खुर्ची किंवा बाज समोर ठेवा. आधी आपल्या जागेवरून बोला. मग उठून त्या जागेवर बसा आणि त्याच्या तोंडून उत्तर द्या. धाकटा थोरल्याच्या जागेवर बसला की पहिल्यांदा तोंडात खोटं आणि लबाड उत्तर येईल, "माही विहीर आहे, मी काही करीन." ते येऊ द्या. पुन्हा बसा. हळूहळू दुसऱ्या गोष्टी आठवतील. त्याच वर्षी थोरल्यानं पोरीच्या लग्नासाठी कर्ज काढलं होतं. त्याचीही झाडं पिवळी पडली होती. लहानपणी बापानं त्याला वळण लावलं होतं की कर्त्या माणसानं घरच्यांना अडचण सांगायची नसते, निर्णय सांगायचा असतो. मग कदाचित असं उत्तर येईल, "दोघांची अर्धी अर्धी झाडं मरण्यापरीस माही तरी वाचतीन, असं वाटलं. तुले सांगाची हिंमत झाली नाही. तुह्या तोंडाकडं पाहून मले मोटार बंद करता आली नसती, म्हणून तू घरी नव्हता तवा केली."

हे उत्तर खरं आहे का, ते धाकट्याला कळायला मार्ग नाही. पण त्याच्या मनात इतके दिवस जो राक्षस होता, त्याच्या जागी एक घाबरलेला, लाजलेला, चुकलेला भाऊ आला. राग पूर्ण जात नाही, पण त्यातलं विष कमी होतं. काही वेळा समोरचा माणूस खरोखरच निर्दयी असतो आणि कितीही वेळा बसलं तरी कीव येत नाही. अशा वेळी जबरदस्ती करू नका. पाचव्या पायरीवर थांबलात तरी पुष्कळ झालं.

सातवी पायरी : रोजचा थोडा सराव

विदर्भात यासाठी नवीन काही आणायची गरज नाही. बौद्ध विहारांत मैत्री भावना करतात. आधी स्वतःचं सुख चिंतायचं, मग जवळच्या माणसाचं, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही अशा माणसाचं, आणि शेवटी वैऱ्याचं. हा क्रम मोडू नका. थेट वैऱ्यापासून सुरुवात केली तर मन बंड करून उठतं. ज्या गावात संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते तिथं प्रार्थनेनंतर शांत बसून हेच करता येईल. जैन घरांत पर्युषणानंतर एकमेकांची क्षमा मागतात, त्यांच्याकडे तर वर्षाचा एक काळच यासाठी राखलेला आहे. देवधर्म न मानणाऱ्यानं झोपण्याआधी पाच मिनिटं हाच क्रम मनात फिरवावा. महिनाभर तरी करा. पहिले पंधरा दिवस चौथ्या माणसापर्यंत पोचलाच नाहीत तरी चालेल.

आठवी पायरी : समोर आला तर काय करायचं

"मी तुला माफ केलं" असं जाऊन सांगू नका. ज्याला आपली चूकच मान्य नाही त्याला हे वाक्य शिवीसारखं लागतं आणि नवीन भांडण उभं राहतं. त्यानं स्वतःहून माफी मागितली तरच बोला, आणि तेव्हा "जाऊ दे, काही झालं नाही" असं म्हणू नका. "मले लय लागलं होतं, आता सोडलं" एवढं खरं सांगा.

वागणं मात्र बदलायचं, तेही थोडं थोडं. आधी पांदणीवर दिसला तर मान वळवायची नाही. मग "काय, झाली का पेरणी?" इतकंच. त्याच्या घरात आजारपण आलं तर विचारपूस. याहून पुढं जायचं की नाही ते त्याच्या वागण्यावर ठरवा. पैशाचा व्यवहार, जामीनकी, तोंडी ठराव पुन्हा करू नका. विश्वास परत मिळवायची जबाबदारी त्याची आहे.

आपल्याकडे एक वाट वर्षातून एकदा आपोआप उघडते. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं घेऊन घरोघर फिरताना अबोला असलेल्या घराचा उंबरा चढला तरी कोणी का म्हणून विचारत नाही. धाकट्यानं थोरल्याच्या हातात आपट्याची पानं ठेवायची, पाया पडायचं, आणि दोन मिनिटांत निघायचं. विहिरीचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. वहिनीनं चहा ठेवला तर प्यायचा. मन अजून तयार नसेल तर यंदा राहू द्या. संक्रांतीला तीळगूळ आहे, पुढच्या वर्षी पुन्हा दसरा आहे.

राग परत आला तर

येणारच. एप्रिल लागला, विहिरीचं पाणी खाली गेलं, की धाकट्याच्या पोटात पुन्हा आग पडेल. म्हणजे माफी खोटी होती असं नाही. जुनी जखम ऋतू बघून ठणकते. अशा दिवशी पाचव्या पायरीचे चार शब्द पुन्हा म्हणा आणि हाताला काम द्या. पारावर बसू नका, कारण तिथं कोणीतरी जुनी गोष्ट उकरतोच. नवीन आगळीक झाली असेल तर मात्र ती वेगळी मोजा आणि चौथ्या पायरीवर जा.

जो माणूस आता नाही, त्याला माफ करताना

ही गोष्ट आपल्या भागात टाळून चालणार नाही. कर्जापायी नवऱ्यानं जीव दिला, मागं बाई, दोन लेकरं, सासू-सासरे आणि बँकेच्या नोटिसा राहिल्या. लोक सांत्वनाला येतात, पंचनामा होतो, सरकारी एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र याची चौकशी होते. या सगळ्यात तिला एक गोष्ट बोलायची सोय नसते, ती म्हणजे तिला नवऱ्याचा राग आला आहे. "मले एकटीला टाकून गेला. एका शब्दानं सांगितलं नाही." मेलेल्या माणसावर रागावणं पाप वाटतं, म्हणून ती राग गिळते आणि मग तो तिच्या स्वतःवरच उलटतो. मी त्या दिवशी माहेरी गेली नसती तर, मी पैशाचं बोलली नसती तर.

अशा घरात माफीची सुरुवात रागाला जागा देण्यापासून होते. तिला फोटोसमोर बसून भांडू द्या. वर सांगितलेलं चार दिवसांचं लिखाण इथं त्यालाच पत्र म्हणून लिहावं, "तुम्ही मले काऊन नाही सांगितलं?" इथून. खुर्चीवर बसून त्याच्या बाजूनं उत्तर द्यायची पायरी एकटीनं करू नये, आणि पहिल्या वर्षात तर करूच नये. आशाताई, बहीण, समुपदेशक, कोणीतरी जवळ हवं. नैराश्य हा आजार आहे आणि त्यात माणसाला आपल्यामागं काय होईल ते दिसेनासं होतं, हे तिला कोणीतरी नीट समजावून सांगितलं पाहिजे. नवऱ्याला माफ करण्याआधी बहुतेकींना स्वतःवरचा खोटा आरोप काढावा लागतो. त्याला वर्ष लागो, तीन लागोत. तिच्यासारख्याच दोन-चार बायका बचत गटात एकत्र बसल्या तर हे काम लवकर होतं, कारण तिथं कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

तिच्या किंवा कुणाच्याही बोलण्यात "मीबी जातो त्याच्या मागं" असं आलं, रात्र-रात्र झोप लागेना, जेवण सुटलं, तर या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सोबत जा, आणि डॉक्टरांनी बोलावलेल्या पुढच्या तारखेलाही सोबतच जा.